शिसवाची रेघ

१

सिद्धेश परुळेकर रोज सकाळी कॉलेजला जायला निघतो आणि कॉलेजला जात नाही, हे बोळिंजच्या शिवसागर सोसायटीत फक्त चार माणसांना माहीत होतं, आणि ती चारही एकाच घरात राहत होती.

खांद्याला ड्रॉइंगच्या शीट ठेवायचं काळं नळकांडं, पाठीला बॅग, हातात डबा. नळकांड्यात शीट नसायची. पटाशा असायच्या, एक अर्धगोल कानस असायची, आणि जिन्यात खडखडाट नको म्हणून कोंबलेला टॉवेलचा तुकडा. आई गॅलरीत उभी राहून नळकांडं खांद्यावर आहे ना ते बघायची. आत काय आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. पण समोरच्या गॅलऱ्यांना ठाऊक नव्हतं, आणि आईचं हे बघणं त्या गॅलऱ्यांसाठी होतं.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला ड्रॉइंगच्या सरांनी भर वर्गात त्याची शीट फाडली आणि म्हणाले, पुन्हा काढ. त्याने काढली नाही. उठला, पेन्सिली गोळा केल्या आणि घरी आला तो आलाच. बाप ओरडला असता तर बरं झालं असतं. रमेश परुळेकर विमा कंपनीत मोठ्या साहेबाच्या हाताखालचे साहेब होते, ओरडणं त्यांना शोभत नसे. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, खिडकी लावली आणि म्हणाले, "ठीक आहे. पण सकाळी निघत जा."

"कुठे?"

"कुठेही. लोकांना दिसलं पाहिजे."

मोठी माणसं अशीच असतात. भिंतीला भेग पडली की ती बुजवायची नाही, तिच्यावर कॅलेंडर टांगायचं. परुळेकरांच्या घरचं कॅलेंडर रोज नळकांडं लावून जिना उतरायचं. खालच्या मजल्यावरच्या आशालताकाकू दूध घ्यायला दारात असायच्याच.

"काय रे सिद्धेश, परीक्षा कधी?"

"रोजच आहे काकू."

"हुशार आहेस हो. आमच्याला सांग जरा."

मागून क्षितिजा शाळेचं दप्तर आपटत उतरायची. नववीतली बहीण, जिभेला हाड नाही. काकूंचं दार लागलं की ती हळूच म्हणायची, "टाटा, सुतार."

दिवसभरात खरं बोललेलं तेवढंच एक वाक्य. सिद्धेशला ते आवडायचं. त्याची मागणी फार नव्हती. हेच वाक्य बापाने एकदा, कुणा परक्या माणसासमोर, मोठ्याने म्हणावं. माझा मुलगा गिटार बनवतो. संपलं. मग कॉलेजवाल्यांनी काय ते करावं.

२

सिद्धेश रोज जायचा ती ऑगस्टीन अंकलची शेड आगाशीच्या पुढे वटारला होती. एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला विहीर, मध्ये पत्रा. अंकल चर्चचे बाक करायचा, लग्नाचे पलंग करायचा, शवपेट्या करायचा, आणि लहर लागली तर गिटार. लहर कमी लागायची. थापा मात्र रोज मारायचा. पाडलेल्या चाळींच्या चौकटी टेम्पोने आणायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "पोर्तुगीजांच्या वेळचं सागवान. किल्ल्यातलं आहे." कुवेतला असलेला मुलगा दर रविवारी फोन करतो, हेही सांगायचा. रविवारी सिद्धेश शेडमध्येच असे. फोन वाजलेला त्याने कधी ऐकला नाही. अंकलची बायको इझाबेल आंटी त्या वेळी भांडी जरा जोरात घासायची, एवढंच.

पण थापाड्याला थाप कुठे लपवायची ते कळतं, आणि गिटारची मान करताना नेमकं तेच लागतं.

मानेचं डोकं मागे झुकलेलं असतं. ते एकाच फळीतून कापलं तर लाकूड वाया जातं आणि धक्का लागला की डोकं तुटतं. म्हणून फळी टोकाशी तिरकी कापायची, कापलेला तुकडा उलटा करून त्याच फळीला सरसाने चिकटवायचा. झालं डोकं तिरकं. आता हा सांधा लपवायचा. पुढून डोक्यावर लाकडाचं पातळ पान चिकटवायचं, सांध्याचं वरचं टोक बोटं ठेवायच्या पट्टीखाली सरकवायचं, बाजूला पॉलिश एक हात गडद मारायचं.

"सांधा दिसला म्हणजे सुताराची चड्डी दिसली," अंकल म्हणायचा.

"पण सांधा तर असतोच ना अंकल. लपवायचा कशाला?"

"चड्डी पण असतेच."

तपासायची रीत अंकलची स्वतःची होती. डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख लाकडावरून हळू ओढायचं. नख कुठेही न अडखळता गेलं तर काम पास. सिद्धेशचं नख अजून दर वेळी अडखळायचं, आणि अंकल खूश व्हायचा. शिष्य चुकला की गुरूंना भूक चांगली लागते.

पावसाळा संपून शेडमधला ओलसर वास गेला त्या सुमारास एके सकाळी अंकल म्हणाला, "काल तू गेल्यावर बोळिंजचा एक साहेब आला होता. परुळेकर नाव. त्याला गिटार पाहिजे पोरासाठी. पोरगा इंजिनीअरिंगला आहे, रिझल्ट लागला की द्यायची. चांगला माणूस. आंटीचा चहा दोनदा प्यायला."

सिद्धेशच्या हातातला रंधा थांबला. अंकलने त्याचं आडनाव कधी विचारलं नव्हतं. सिद्धू म्हटलं की भागत होतं.

"अजून काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्याकडचा जो पोरगा आहे त्याच्याच हातची पाहिजे. ऐकलंय, हात चांगला आहे त्याचा."

इंजिनीअरिंग आणि रिझल्ट ही परक्यांसमोरची नेहमीची टेप होती, ती बाप झोपेतही वाजवेल. पण बाप इथे आला होता. हा पत्रा, हा भुसा, ही केळी बघून गेला होता. सरळ काही बोलायची या माणसाला सवयच नाही, तेव्हा असा आडून आला. मुलाने केलेली वस्तू मुलासाठीच विकत घ्यायला. मूर्खपणाच होता तो. तरी सिद्धेशला हसू आवरेना.

"दात काय काढतो? फळी निवड," अंकल म्हणाला.

३

घरी बाप काही बोलला नाही. जेवताना मात्र गुणगुणत होता. रमेश परुळेकर गुणगुणतात हे सिद्धेशला नवीन होतं.

"कसं काय चाललंय?" बाप आमटी वाढून घेत म्हणाला.

"जोरात. मानेचं काम काढलंय."

"शाब्बास. जीव लावून कर."

क्षितिजाने टेबलाखालून त्याला लाथ मारली. आई पोळी भाजत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही, पण तिचे खांदे सैल होते. बऱ्याच महिन्यांत या घरात कुणाचे खांदे सैल नव्हते. सिद्धेशने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि ठरवून टाकलं.

या गिटारचा सांधा दिसेल.

नुसता दिसणार नाही, मिरवेल. चिकटवताना मध्ये शिसवाचं पातळ पान घालायचं. पिवळ्या सागात काळी तिरकी रेघ, दोन्ही बाजूंनी, मान हातात घेतली की नजरेत भरणारी. बापाने विचारलं पाहिजे, हे काय रे. मग सांगायचं, इथे मी कापलं आणि इथे मी जोडलं.

अंकलला विचारण्यात अर्थ नव्हता. अंकल बाकांचं माप घ्यायला चर्चमध्ये गेला तेव्हा सिद्धेशने खिडकीतलं शिसवाचं पान काढलं, त्यातून हवी तेवढी पट्टी कापली. पट्टीची कड साफ करताना पटाशी सटकली आणि डाव्या अंगठ्यात घुसली. रक्त बरंच आलं. अंगठा तोंडात धरून त्याने एका हाताने सरस लावला, पट्टी मध्ये बसवली, दोन्ही बाजूंनी शिकंजे आवळले. सरस मण्यांसारखा बाहेर आला. मण्यांच्या मधोमध ती काळी रेघ, सुतासारखी. तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसला.

संध्याकाळी आईने अंगठ्यावर हळद दाबली आणि फडकं बांधलं. "हात सांभाळ रे," ती म्हणाली. "हातावर तर आहे तुझं सगळं."

आईच्या तोंडून हे, खिडकी उघडी असताना. सिद्धेशला वाटलं, घर सुधारतंय.

४

दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडले. सुकलेल्या सरसाचे मणी होते तिथेच होते, तिरक्या ओळीत. त्याने ते पटाशीने खरवडले, वर हलका रंधा मारला, फुंकर मारून भुसा उडवला.

रेघ नव्हती.

दुसरी बाजू बघितली. तिकडेही मणी होते, आणि मण्यांखाली साग होता. नुसता साग.

रंध्याने गेली, हे पहिलं मनात आलं. पण पट्टी आरपार होती, वरून लावलेली नव्हती. गेली तर मान दोन तुकडे होऊन हातात यायला हवी. मग वाटलं, अंकलने दुसरी मान ठेवली. पण मागच्या अंगाला गाठ होती, बोराच्या बीएवढी, तीच. त्याने मान उजेडात धरली. उलटा करून चिकटवलेला तुकडा तो. त्याच्या रेषा उलट्या दिशेने जायला हव्यात. त्या तशा जात नव्हत्या. लाकडाच्या रेषा मानेतून येत होत्या, वळणावर वळत होत्या आणि तशाच डोक्यात शिरत होत्या, जसं झाडच वाकून वाढलं होतं.

खिडकीत शिसवाचं पान होतं. त्याने ते उचललं. चारही कडा सरळ. पान अख्खं होतं.

"अंकल," त्याने हाक मारली.

अंकलने मान हातात घेतली, डोळे मिटले, नख ओढलं. पुन्हा ओढलं. मग डोळे उघडून त्याने सिद्धेशकडे असं बघितलं, जसं कुवेतवाल्या मुलाच्या फोटोकडे बघायचा.

"इझाबेल, बाहेर ये. हे बघ पोराने काय केलंय."

"अंकल, यात मी काळी पट्टी घातली होती."

"घातली असशील. गेली ना? चांगलं झालं."

"गेली कुठे पण?"

"तू लपवलीस, आणि मला विचारतोस?" अंकल पोट हलवत हसला. "मला चाळीस वर्षांत असा सांधा जमला नाही. जा, केळी खा."

आंटीने खरंच केळी आणली. सगळे फार आनंदात होते. सिद्धेशने अंगठ्यावरचं फडकं सोडून बघितलं. जखम होती. लालभडक, तोंड उघडं, पट्टी कापतानाची. शेडमध्ये तेवढीच एक खूण उरली होती की पट्टी कधी होती.

५

त्या संध्याकाळी जिन्यात आशालताकाकूंनी त्याचा गाल ओढला.

"दुपारी माझी भाजीची पिशवी वरपर्यंत आणून दिलीस, देव भलं करो तुझं. आजकालची मुलं बघून न बघितल्यासारखं करतात."

"मी नव्हतो काकू."

"अगदी बापासारखा. केलेलं कबूल करायचं नाही."

घरी आई म्हणाली, "आता परत जेवणार आहेस?"

"परत म्हणजे?"

"दुपारी लवकर सुटलं म्हणून आलास, भात संपवलास. बरं, वाढते. अभ्यासाने भूक लागते."

सिद्धेशला आधी रागच आला. त्याने हिशेब लावला तो असा: आजपर्यंत ही माणसं खोटं बाहेर बोलायची आणि घरात गप्प बसायची. आता घरातही बोलायला लागली. रियाज करतायत. खिडकी लावायचा कंटाळा आला असेल. शिकलेली माणसं, एकदा नाटक बसवलं की मेकअप पुसायला विसरतात.

मग तो आपल्या खोलीत गेला. पलंगावरची चादर चुरगळलेली होती. उशीला डोक्याचा खळगा होता. त्याने त्यात हात ठेवला आणि लगेच काढला. खळगा गरम होता.

बाहेरून आईने हाक मारली. तो ताटावर बसला तेव्हा तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

"अगंबाई, हे कधी कापलंस?"

"काल. तूच तर हळद लावलीस."

"मी?" आई हसली. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा उलटासुलटा करून पाहिला. "दुपारी ताट उचललंस तेव्हा तर काही नव्हतं. नीट होता हात."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलताना आईची डावी भुवई हलायची, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. भुवई जागेवर होती.

६

त्याने सांधा उघडायचं ठरवलं. सरस उष्णतेने सुटतो, हे अंकलनेच शिकवलं होतं. चुकलेला सांधा वाफेवर धरायचा, मऊ पडला की गरम सुरी सरकवायची. अंकल शवपेटी पोचवायला गेला असताना सिद्धेशने किटली ठेवली आणि जिथे रेघ होती ती जागा वाफेवर धरली. लाकूड गरम झालं. सागाचा तेलकट वास सुटला. सुरीला शिरायला फट मिळेना. त्याने डोळे मिटले आणि नख ओढलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. कुठेही अडखळलं नाही. महिनोन्‌महिने जे जमत नव्हतं ते जमलं होतं.

करवत हाताशी होती. मान कापून बघता आली असती. करवत त्याने लावलीही. पण बापाला द्यायची गिटार होती. बाप ती हातात घेणार होता. त्याने करवत खाली ठेवली. पुढे या गोष्टीचा विचार करताना त्याला वाटायचं, तेव्हा ओढायला हवी होती.

घरी क्षितिजा एकटी होती, भूगोलाचा नकाशा रंगवत.

"क्षितू, मी रोज कुठे जातो?"

"स्टेशनला."

"आणि मग?"

"कॉलेजला. येडा झालास का?"

"आई घरात नाहीये. खरं बोल."

"खरंच बोलतेय." तिने निळी पेन्सिल तोंडात धरली. "कालच तर तू मला तुझं ड्रॉइंग दाखवलंस. केवढं बारीक काम. मी म्हटलं माझी पण सही कर त्याच्यावर."

नळकांडं त्याच्या खांद्यावर होतं. आतल्या पटाशा टॉवेलमध्ये असूनही खडखडल्या. क्षितिजाने आवाजाकडे बघितलं आणि पुन्हा नकाशाकडे.

"तू मला काय म्हणतेस?" त्याने विचारलं.

"दादा."

"अजून?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. शाळेत पाठ केलेलं फळ्यासमोर आठवत नाही, तसा चेहरा झाला तिचा. मग तिने खांदे उडवले.

"अजून काही म्हणते का मी?"

७

पॉलिशचे दिवस त्याने शेडमध्येच काढले. ओल्या पॉलिशवर धूळ बसते म्हणून तिथेच झोपतो, असं आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हो का, छान," आणि फोन ठेवला. तिथेच म्हणजे कुठे, हे तिने विचारलं नाही. फोनमागे घरात कुणीतरी विनोद केला होता आणि सगळे हसत होते. बापाचा आवाज ओळखू आला, क्षितिजाचा आला. तिसरं हसणं ओळखीचं होतं, पण कुणाचं ते कळेना. आपलं हसणं आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही.

हे सगळं थकव्याने होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. सरसाच्या वासाने डोकं चढतं. घरचे चिडवतायत. काहीतरी ठरलंय यांचं, गिटार हातात दिली की सगळे एकदम हसून सांगतील. बापाला थट्टा जमत नाही, म्हणून ती लांबली. या कारणात भोकं होती, पण दुसरं कारण नव्हतंच.

गिटार मात्र सुंदर झाली. तारा चढवल्यावर अंकलने ती वाजवली, आंटीने विहिरीवरून धुणं टाकून येऊन ऐकली. आवाज असा की केळीतले पक्षी गप्प झाले.

"परुळेकर साहेबांचा फोन होता," अंकल म्हणाला. "पोराचा रिझल्ट लागला, फर्स्ट क्लास. संध्याकाळी घरी पोचव म्हणतात. आणि ऐक, सांधा कुठे आहे विचारलं तर सांगू नको. शोधू दे."

"मलाच माहीत नाही अंकल."

"हेच सांग," अंकल म्हणाला आणि पुन्हा पोट हलवत हसला.

८

उन्हं अजून गच्चीवर होती. जिन्यात तळणाचा वास होता आणि परुळेकरांच्या दारासमोर चपलांचा ढीग. त्या ढिगात सिद्धेशची जुनी सँडल होती, अंगठ्याजवळ शिवलेली. तीच सँडल त्याच्या पायात होती.

किल्ली खिशात होती. दोन्ही हातांत गिटार होती म्हणून त्याने कोपराने बेल दाबली.

बापाने दार उघडलं. नवा शर्ट, कपाळाला गंध. बाप मोकळं हसला, इतकं मोकळं की सिद्धेशचेही दात दिसले. त्याला वाटलं, आता सांगतील. संपली थट्टा.

"आलास? ये, ये. अगदी वेळेवर." मग बाप आत वळून म्हणाला, "अगं, तो वटारचा मुलगा आलाय."

मागे आशालताकाकू सोफ्यावर होत्या, हातात बशी. क्षितिजा पेढ्यांचा पुडा घेऊन पुढे आली.

"घ्या ना," ती म्हणाली. "अजून एक घ्या. तुम्ही एवढं लांबून आलात."

सिद्धेशने तोंड उघडलं. पप्पा, हा शब्द जिभेवर आलेला होता. पण बापाने गिटार हातात घेतली, मानेवरून तळवा फिरवला, आणि काकूंकडे वळला.

"हे बघा वहिनी. हा मुलगा गिटार बनवतो."

तेच वाक्य होतं. परक्या माणसासमोर, मोठ्याने, दार सताड उघडं.

"कॉलेज वगैरे काही नाही हं," बाप पुढे म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरं कौतुक होतं. "पण हात बघा. अख्ख्या मानेत सांधा शोधून दाखवा तुम्ही. मी म्हणतो, सगळ्यांनीच कशाला इंजिनीअर व्हायला पाहिजे? ज्याला जे येतं ते त्याने ताठ मानेने करावं. घरी माहीत आहे ना रे तुझ्या, हे काम करतोस ते?"

"माहीत आहे," सिद्धेश म्हणाला.

"मग झालं. यात लाज कसली? तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, नशीबवान आहात."

आता बोलायला हवं होतं. सिद्धेशला ते कळत होतं. पण इतके महिने ज्याची वाट बघितली ते बोलणं चालू होतं, आणि आपण तोंड उघडलं तर ते थांबेल, एवढीच भीती त्याला त्या क्षणी वाटली. म्हणून तो ऐकत उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले, आणि काकूंनी म्हटलं, बिचारा, कुणी कौतुक केलं नसेल कधी.

"सिद्धेश," बापाने आत हाक मारली. "ये रे. तुझी गिटार आली."

आतल्या खोलीत पलंग करकरला. पावलं आली. डावी टाच जराशी घासत येणारी पावलं. पडद्याशी थांबली. पडद्याच्या कडेतून एक हात बाहेर आला आणि बापाने गिटार त्या हातात दिली. डावा हात. अंगठा गुळगुळीत, कुठे काही ओरखडासुद्धा नाही. अंगठ्याचं नख मानेवर टेकलं आणि मागून डोक्याकडे हळू सरकू लागलं, डोळे मिटून ओढावं तसं.

मग एका जागी थांबलं.

रेघ होती नेमकी तिथे. नखाने तिथे दोनदा टकटक केलं. पडद्यामागे कुणीतरी हसलं, खोडी पकडल्यासारखं, प्रेमाने.

"बरंय मग," बाप म्हणाला. "काळजी घे. अंगठ्याला काहीतरी लाव."

दार लागलं. सिद्धेश तसाच उभा राहिला, मग त्याने किल्ली काढली. जिन्यात उजेड होता, चांगला उजेड होता. त्याने कुलपाची जागा चाचपली, किल्लीचं भोक सापडेना. मग दार आणि चौकट यांच्यामधली फट. आत गिटार वाजत होती, सगळे टाळ्या वाजवत होते, क्षितिजा सगळ्यांत जोरात. त्याने डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख लाकडावरून ओढलं, वरून खाली, मग खालून वर.

नख कुठेही अडखळलं नाही.